शनिवारची निष्ठा आणि रविवारचा बाजार

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात ॲलिगेनी आणि मनाँगहिला या दोन नद्यांचा संगम होऊन ओहायो नदी सुरू होते. या संगमासमोरच्या काठावर सुमारे अडुसष्ट हजार आसनांचे एक भव्य स्टेडियम उभे आहे. हिवाळ्याच्या तोंडी, फुटबॉलच्या हंगामात, शनिवारी तेथे पिट्सबर्ग विद्यापीठाचा ‘पँथर्स’ हा संघ खेळतो आणि रविवारी त्याच हिरवळीवर ‘स्टीलर्स’ हा व्यावसायिक संघ उतरतो. स्टीलर्सच्या घरच्या सामन्यांची तिकिटे १९७२ पासून संपूर्ण विकली जात आलेली आहेत. हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत नाव घालून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहतात. शनिवारी मात्र पुष्कळदा आसनांच्या रांगाच्या रांगा मोकळ्या असतात. आणि आसनांचा रंग भडक पिवळा असल्यामुळे ते रितेपण दूरचित्रवाणीच्या पडद्यावरही लपत नाही.

या मोकळ्या आसनांचे स्पष्टीकरण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही देऊ शकेल. दोन वस्तू एकमेकींना पर्याय असतील आणि त्यांपैकी एक निःसंशय सरस असेल, तर गिऱ्हाईक सरस वस्तूकडे वळणारच. ज्या शहरात देशातील उत्तमोत्तम खेळाडूंचा सामना रविवारी घरबसल्या पाहता येतो, तेथे शनिवारी विशीतल्या मुलांचा सामना पाहण्यासाठी थंडीवाऱ्यात कोणी का जावे? तेव्हा कोडे मोकळ्या आसनांचे नाही. ते भरलेल्या आसनांचे आहे. जे तीस-चाळीस हजार लोक येतात, ते का येतात? या प्रश्नाचे उत्तर केवळ क्रीडाप्रेमींच्या नव्हे, तर विद्यापीठ नावाच्या संस्थेविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाच्या विचाराचा विषय आहे.

पहिला पगारी खेळाडू

येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळला जाणारा खेळ नव्हे. लांबट, टोकदार चेंडू हातात धरून किंवा फेकून, प्रतिपक्षाची माणसांची भिंत फोडीत पुढे सरकण्याचा हा दांडगा खेळ एकोणिसाव्या शतकात अमेरिकन विद्यापीठांतच वाढला. येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन ही त्याची माहेरघरे. धंदेवाईक खेळ नंतर आला, आणि त्याचा जन्म पिट्सबर्गमध्येच झाला हा योगायोग लक्षणीय आहे. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी ॲलिगेनी ॲथलेटिक असोसिएशन या क्लबाने पिट्सबर्गच्या प्रतिस्पर्धी क्लबाविरुद्ध खेळण्यासाठी ‘पज’ हेफेलफिंगर यांना ५०० डॉलर मोजले. पैसे घेऊन फुटबॉल खेळल्याची कागदोपत्री सापडणारी ही पहिली नोंद होय. हेफेलफिंगर हे येल विद्यापीठाचे नामांकित माजी खेळाडू होते. म्हणजे जगातील पहिला धंदेवाईक फुटबॉलपटू हा विद्यापीठानेच घडवलेला होता, आणि तो सामना ज्या भागात झाला, त्याच परिसरात आजचे स्टेडियम आहे.

त्यानंतरची कित्येक दशके धंदेवाईक खेळाकडे प्रतिष्ठित समाज काहीशा तुच्छतेने पाहत असे. १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठाचा लोकप्रिय खेळाडू रेड ग्रेंज महाविद्यालयीन हंगाम संपताच शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात गेला, तेव्हा केवढा गहजब झाला. अखेर व्यावसायिक संघटनेलाच नियम करावा लागला, की खेळाडूच्या वर्गाचे शिक्षण पूर्ण होण्याआधी त्याला कोणी करारबद्ध करू नये. १९६१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने व्यावसायिक संघांना दूरचित्रवाणीचे हक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा दिली, तीही एका अटीवर. महाविद्यालयांच्या हंगामात शुक्रवारी रात्री व शनिवारी व्यावसायिक सामन्यांचे प्रक्षेपण त्यांच्या वाटेत येऊ नये, अशी तजवीज त्या कायद्यात करण्यात आली. शुक्रवार शाळांचा, शनिवार महाविद्यालयांचा आणि रविवार धंद्याचा, या वाटणीमागे परंपरेबरोबर हा कायदाही उभा आहे.

जमाखर्चापलीकडचा वारसा

पिट्सबर्गची ओळख पोलादाची. आपल्या जमशेदपूरच्या कारखान्याच्या उभारणीतही पिट्सबर्गचे अभियंते ज्युलियन केनेडी यांच्या कंपनीचा हात होता. या धुराच्या शहरात १९२६ मध्ये विद्यापीठाचे कुलपती जॉन बोमन यांनी बेचाळीस मजल्यांची ‘कॅथीड्रल ऑफ लर्निंग’ ही इमारत बांधावयास घेतली. तिच्यासाठी हजारो शाळकरी मुलांनी प्रत्येकी दहा सेंटची वर्गणी दिली. भट्टीवरच्या मजुराच्या मुलालाही या ज्ञानमंदिरातली एक वीट आपली वाटावी, हा त्यामागचा हेतू. या इमारतीत निरनिराळ्या देशांच्या संस्कृतींचे दर्शन घडवणारे वर्ग आहेत; भारताचा वर्ग नालंदा विद्यापीठाच्या धर्तीवर सजवलेला आहे.

याच बोमन यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाचा फुटबॉल संघ देशात अग्रगण्य ठरला. त्याचे प्रशिक्षक जॉक सदरलँड हे याच विद्यापीठातून दंतवैद्यक शिकलेले, तेथेच खेळलेले आणि तेथेच शिकवणारे गृहस्थ. परंतु त्यांचे खेळाडू केवळ विद्येच्या ओढीने आलेले नव्हते. त्यांना उघडपणे आर्थिक साहाय्य मिळत असे. १९३७ च्या अखेरीस या संघाच्या खेळाडूंनी ‘रोज बोल’ या प्रतिष्ठेच्या सामन्याचे निमंत्रण मतदान करून नाकारले. आदल्या खेपेच्या सफरीत मिळालेल्या तुटपुंज्या हातखर्चाची नाराजी त्यामागे होती, असे सांगितले जाते. बोमन यांनी खेळाडूंचे साहाय्य बंद करणारे कडक नियम आणले. १९३९ मध्ये सदरलँड यांनी राजीनामा दिला आणि विद्यापीठाचा संघ रसातळाला गेला. पुढे हेच सदरलँड १९४६ मध्ये स्टीलर्सचे प्रशिक्षक झाले व दुसऱ्याच वर्षी त्यांनी त्या दुबळ्या संघाला प्रथमच बाद फेरीच्या सामन्यापर्यंत नेले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, महाविद्यालयीन खेळ पूर्वी निर्मळ होता आणि अलीकडे पैशाने बाटला, असे मानण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. पैसा पहिल्यापासून होता. वाद एवढाच होता, की तो कोणाला आणि किती उघडपणे मिळावा. शनिवारचा पाठीराखा काही भाबडा नव्हे. हे सर्व ठाऊक असूनही तो येत राहिला.

तो का येत राहिला, याचे उत्तर डिसेंबर १९५५ मधील एका प्रसंगात सापडते. पिट्सबर्ग विद्यापीठाचा संघ न्यू ऑर्लिन्स येथील ‘शुगर बोल’ सामन्यात जॉर्जिया टेक या दक्षिणेकडील संस्थेविरुद्ध खेळणार होता. पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रायर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. रोझा पार्क्स यांनी माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडण्यास नकार दिल्याला जेमतेम काही दिवस झाले होते. जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी, आपल्या राज्यातील संस्थेने अशा संघाविरुद्ध खेळू नये, असा पवित्रा घेतला. त्याविरुद्ध खुद्द जॉर्जिया टेकचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्या संस्थेचे अध्यक्ष ब्लेक व्हॅन लिअर ठाम राहिले. ग्रायर नाही तर सामना नाही, ही पिट्सबर्गची भूमिका होती. २ जानेवारी १९५६ रोजी ग्रायर खेळला. त्याच्याविरुद्ध दिल्या गेलेल्या एका वादग्रस्त निर्णयामुळे पिट्सबर्गचा संघ ७–० असा हरला. परंतु त्या सामन्याची आठवण पराभव म्हणून कोणी काढीत नाही. संघामागे विद्यापीठ होते आणि विद्यापीठाला स्वतःची काही मूल्ये होती, म्हणून मैदानावरचा प्रश्न हा नागरिकत्वाचा प्रश्न होऊ शकला. ही गोष्ट तिकिटाच्या किमतीत बसत नाही.

रविवारचीही एक निष्ठा

येथे रविवारच्या प्रेक्षकावर अन्याय होता कामा नये. १९३३ मध्ये स्थापन झालेला त्यांचा संघ जवळजवळ चाळीस वर्षे हरतच होता. १९५८ ते १९६९ या काळात त्याचे बरेचसे घरचे सामने, आणि शेवटची काही वर्षे तर सगळेच, विद्यापीठाच्या पिट स्टेडियमवर भाड्याने होत असत. १९७२ नंतर नशीब पालटले. १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत संघाने चार वेळा अजिंक्यपद मिळवले. नेमक्या त्याच सुमारास पोलादाचे साम्राज्य ढासळू लागले. १९८० च्या दशकात भट्ट्या विझल्या आणि हजारो कुटुंबे रोजगारासाठी देशभर पांगली. जाताना त्यांनी बरोबर नेले ते स्टीलर्सचे प्रेम. १९७५ मध्ये मायरन कोप या समालोचकाने रूढ केलेला पिवळा ‘टेरिबल टॉवेल’ आज कोणत्याही शहरातल्या सामन्यात फडकताना दिसतो, तो या पांगलेल्या पिट्सबर्गकरांमुळे. हे कोप महाशयही पिट्सबर्ग विद्यापीठाचेच पदवीधर.

तेव्हा रविवारची निष्ठा ही केवळ बाजारू म्हणून झटकून टाकता येणार नाही. फरक एवढाच की, स्टीलर्स ही फुटबॉलसाठीच अस्तित्वात असलेली संस्था आहे. खेळ बंद झाला तर ती उरणार नाही. विद्यापीठाचे तसे नाही. त्याची स्थापना १७८७ ची. फुटबॉल नसतानाही ते होते, आणि उद्या नसला तरी राहील. पोलाद गेल्यावर या शहराला हात दिला तो याच विद्यापीठाने आणि त्याच्याशी संलग्न वैद्यकीय संस्थेने. युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौसष्ट मजली मनोऱ्यावर आज त्या वैद्यकीय संस्थेची अक्षरे झळकतात. शनिवारचा प्रेक्षक त्या वर्गांत बसलेला असतो, त्या ग्रंथालयात नोकरीस असतो, किंवा त्याची मुलगी तेथे शिकत असते. पँथर्स जिंकले की कॅथीड्रल ऑफ लर्निंगच्या माथ्यावर सोनेरी दिवे लागतात. विजय मैदानावर मिळतो, परंतु उजळते ती शिकण्याची इमारत. या प्रेक्षकाचे नाते गिऱ्हाइकाचे नसून सभासदाचे आहे. गिऱ्हाईक माल नापसंत पडल्यास दुकान बदलते. सभासद कुरकुर करतो, रागावतो, पण जात नाही.

सभासदाचे गिऱ्हाईक कसे होते

खेदाची गोष्ट ही, की गेल्या चार दशकांत विद्यापीठांनीच या सभासदाला गिऱ्हाईक समजण्यास सुरुवात केली. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन खेळांच्या मध्यवर्ती संघटनेची, म्हणजे एनसीएएची, दूरचित्रवाणी हक्कांवरील मक्तेदारी मोडीत काढली. मक्तेदारी गेली हे योग्यच झाले. परंतु त्यानंतर प्रक्षेपणाच्या उत्पन्नासाठी विद्यापीठांची जी गटबाजी सुरू झाली, तिने भूगोलच गुंडाळून ठेवला. पिट्सबर्गचा संघ २०१३ मध्ये ‘अटलांटिक कोस्ट’ या गटात गेला. या अटलांटिक किनाऱ्याच्या गटात २०२४ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठेही आहेत! उलट, सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाशी १८९५ पासून चालत आलेली ‘परसदारची लढत’ गट वेगळे झाल्यामुळे २०११ नंतर खंडित झाली. २०२२ मध्ये ती पुन्हा झाली, तेव्हा याच स्टेडियमवर सत्तर हजारांहून अधिक लोक लोटले आणि पिवळी आसने कोठे दिसेनात. शेजाऱ्याशी असलेल्या जुन्या वैराची किंमत बाजाराला कळली नव्हती, लोकांना मात्र ठाऊक होती.

दुसरा आघात जागेचा. १९२५ मध्ये बांधलेले पिट स्टेडियम विद्यापीठाच्या आवारातच, टेकडीवर होते. ‘कार्डिअ‍ॅक हिल’ या नावाने प्रसिद्ध असलेली दमछाक करणारी चढण चढून विद्यार्थी पायी सामन्याला जात. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी नोत्र दामविरुद्धचा शेवटचा सामना ३७–२७ असा जिंकून संघाने त्या मैदानाचा निरोप घेतला आणि ते पाडण्यात आले. २००१ पासून विद्यापीठाचा संघ नदीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये खेळू लागला. सोयी उत्तम, वाहनतळ प्रशस्त, हिशेबही चोख. परंतु ज्या मैदानाशी वसतिगृहाच्या खिडकीतून ओळख होत असे, तेथे जाण्यासाठी आता विद्यार्थ्यांना बसमध्ये बसून नदीपलीकडे जावे लागते. एके काळी व्यावसायिक संघ विद्यापीठाचा भाडेकरू होता. आता विद्यापीठाचा संघ दुसऱ्याच्या रंगाच्या घरात पाहुणा झाला.

हे अपरिहार्य होते काय? मिनिआपोलिस या शहराचे उदाहरण वेगळे सांगते. तेथेही व्यावसायिक संघ आहे. मिनेसोटा विद्यापीठाचा संघ १९८२ मध्ये आपले आवारातील मैदान सोडून शहरातल्या बंदिस्त स्टेडियममध्ये व्यावसायिक ‘व्हायकिंग्ज’ संघाच्या शेजारी राहावयास गेला. सत्तावीस वर्षांनी, २००९ मध्ये, विद्यापीठाने आपल्या आवारात सुमारे पन्नास हजार आसनांचे नवे स्टेडियम बांधले आणि संघाला घरी आणले. पुढे व्हायकिंग्जचे नवे स्टेडियम बांधले जात असताना २०१४ व २०१५ चे हंगाम त्या व्यावसायिक संघालाच विद्यापीठाच्या मैदानावर आश्रय घ्यावा लागला.

वेतन न्याय्य, पण पुढे?

तिसरा बदल सर्वांत ताजा आणि सर्वांत मोठा आहे. ‘विद्यार्थी-खेळाडू’ या गोंडस नावाखाली अब्जावधींच्या व्यवसायातील श्रमिकाला केवळ शिष्यवृत्तीवर राबवून घेण्याची प्रथा अन्यायाचीच होती. प्रशिक्षकाला लाखो डॉलर, प्रक्षेपण कंपनीला नफा, आणि ज्याचे गुडघे मोडतात त्याला मात्र हौशीपणाचा उपदेश! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये हाऊस खटल्यातील तडजोडीस न्यायालयाची मान्यता मिळून माजी व विद्यमान खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई ठरली, आणि विद्यापीठांना पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा मिळाली. श्रमाला मोल मिळाले, याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु त्याच काळात विद्यापीठ बदलण्यावरील निर्बंधही सैल झाले. जॉर्डन ॲडिसन हा पिट्सबर्गचा खेळाडू २०२१ च्या हंगामात देशातील सर्वोत्कृष्ट ‘रिसीव्हर’ ठरला आणि पुढच्या हंगामात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून खेळला. त्याला दोष देता येणार नाही. कारखाना बदलणाऱ्या कुशल कामगाराला कोण दोष देतो? याच्या उलट, त्याचा सहकारी केनी पिकेट पाच वर्षे विद्यापीठात राहिला, २०२१ मध्ये संघाला गटाचे विजेतेपद मिळवून दिले, आणि २०२२ मध्ये स्टीलर्सनी त्याला पहिल्याच फेरीत निवडले. शनिवारचा नायक त्याच मैदानावर रविवारचा झाला. शहराच्या दोन्ही निष्ठा क्षणभर एक झाल्या. दोन हंगामांनंतर, मार्च २०२४ मध्ये, स्टीलर्सनी त्याला फिलाडेल्फियाच्या संघाकडे देऊन टाकले. रविवारच्या नियमांनुसार यात वावगे काही नव्हते. प्रश्न असा आहे, की शनिवारही रविवारच्याच नियमांनी चालू लागला तर शनिवारला कोण येईल?

ज्या गावात व्यावसायिक संघ नाही, केवळ विद्यापीठच आहे, तेथे हा प्रश्न तितका तीव्र नाही. तेथील लोकांना दुसरा पर्यायच नसतो. संघ कितीही धंदेवाईक झाला तरी स्टेडियम भरेल. मोठ्या शहरातील विद्यापीठाचे तसे नाही. त्याच्या दाराशीच सरस माल विकणारा बलाढ्य शेजारी आहे. गुणवत्तेच्या, झगमगाटाच्या आणि पैशाच्या स्पर्धेत तो शेजारी नेहमीच जिंकणार. विद्यापीठाजवळ एकच भांडवल असे आहे, जे शेजाऱ्याला विकत घेता येत नाही, आणि ते म्हणजे आपलेपणा. आवारातले मैदान, शेजारच्या गावाशी असलेली जुनी लढत, वर्गात आपल्या बाकावर बसणारा खेळाडू आणि पदवी घेऊनच बाहेर पडणारा संघ, हे त्या भांडवलाचे घटक होत. ते एकेक करून विकून टाकणे म्हणजे बियाणे विकून खतासाठी पैसा उभा करण्यासारखे आहे.

खेळाडूला वेतन द्यावेच. त्याबरोबर पदवी पूर्ण करण्याची कालमर्यादेविना हमी द्यावी. जवळच्या विद्यापीठांशी असलेले जुने सामने प्रक्षेपणाच्या वेळापत्रकावर सोडू नयेत. आवारात लहानसे का होईना, स्वतःचे मैदान असावे, ही पिट्सबर्गच्या काही पाठीराख्यांची मागणी केवळ स्मरणरंजन म्हणून उडवून लावू नये. मिनेसोटाने ते करून दाखवले आहे. तिकिटांची विक्री किती झाली, हे विद्यापीठाच्या यशाचे माप नव्हे. ज्या दिवशी शनिवारचा प्रेक्षक स्वतःला सभासद न समजता गिऱ्हाईक समजू लागेल, त्या दिवशी तो गिऱ्हाइकासारखाच शहाणपणाने वागेल आणि रविवारची वाट धरील. मग त्या पिवळ्या आसनांवर कोणाला दोष देण्याचा अधिकार विद्यापीठाला उरणार नाही.